वाचक विचारतात : कुलूप, करारपत्र आणि हजार फेऱ्या

मागच्या अंकात 'कोच कार्टर' या २००५ सालच्या अमेरिकी चित्रपटाबद्दल वाचकांची मतं मागवली होती. मतांपेक्षा प्रश्नच जास्त आले, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. चित्रपट न पाहिलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात अशी. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड शहरात गरीब वस्तीतली एक सरकारी शाळा, आणि तिचा सतत हरणारा बास्केटबॉल संघ. शाळेचा जुना खेळाडू केन कार्टर (भूमिका सॅम्युअल जॅक्सन) आता खेळाच्या सामानाचं दुकान चालवतो. तो प्रशिक्षक म्हणून येतो आणि पोरांकडून, पालकांकडून करारावर सह्या घेतो. इतके गुण हवेत, तासाला हजर राहायचं, पहिल्या बाकावर बसायचं, सामन्याच्या दिवशी कोट-टाय घालायचा. संघ जिंकत सुटतो. मग वर्गातून प्रगतीचे कागद येतात, त्यांत पोरांनी करार मोडलेला दिसतो, आणि कार्टर जिमला कुलूप घालतो. सगळं गाव त्याच्यावर उलटतं.

प्रश्न : कार्टरनं केलं ते शंभर टक्के बरोबर, असं माझं मत. आमचे मुख्याध्यापकही चित्रपट पाहून म्हणाले, 'आपणही नापास पोरांना मैदान बंद करू.' करावं का? (क्रीडाशिक्षक, लातूर)

करू नका. निदान तसंच्या तसं तर नकोच.

रिचमंडमध्ये कुलूप का चाललं ते बघा. तिथं गावाला खेळ हवा होता, अभ्यासाचं कुणाला पडलेलं नव्हतं. सामन्याच्या रात्री शाळा भरून जायची, वर्ग मात्र अर्धे रिकामे. म्हणून गावाला जे प्यारं होतं तेच कार्टरनं काढून घेतलं. लातुरात गाडी नेमकी उलट आहे. इथं दहावीचं वर्ष लागलं की मैदान आपोआप बंद होतं. पहाटे शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी टेस्ट सिरीज. 'लातूर पॅटर्न'मध्ये रिंगखाली कोण उरतं, ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. ज्या गावात मैदानाला आधीच कुलूप आहे तिथं आणखी एक कुलूप घालून पालकांना काय कळणार? ते म्हणतील, बरं झालं, सर शेवटी आमच्यासारखंच बोलायला लागले.

दुसरी गोष्ट. ठरावीक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्याला आपल्याकडे दहावी-बारावीत वाढीव क्रीडागुण मिळतात, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. काठावरच्या पोराला मैदानाबाहेर काढलं तर त्याला तारणारी तीच दोरी आपण कापतो.

चित्रपटातून उचलायचाच असेल तर करार उचला. एका पानाचा, मराठीत, पालकाच्या आणि पोराच्या सहीचा. ६० टक्के, ७० टक्के असा आकडा त्यात घालू नका. ३५वर असलेला पोरगा ६० वाचतो आणि पहिल्याच दिवशी कागद दप्तराच्या तळाला जातो. त्याऐवजी 'मागच्या घटक चाचणीपेक्षा २० पैकी २ गुण जास्त' असं लिहा. ते त्याला दिसतं, जमतं. पहिल्या बाकाची अट मात्र जशीच्या तशी ठेवा. तिला पैसा लागत नाही, आणि उंच पोरं शेवटच्या बाकावर बसून कशी झोपतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. दर पंधरा दिवसांनी वर्गशिक्षकांकडून एक चिठ्ठी घ्यायची. हजेरी, गृहपाठ, वर्तन, एवढे तीनच रकाने. रकाने वाढवले की चिठ्ठ्या येणं बंद होतं.

अट मोडली तर शिक्षा पायरीपायरीनं. पहिल्यांदा ९० मिनिटांच्या सरावातली ६० मिनिटं वर्गात आणि ३० मैदानावर. दुसऱ्यांदा एक सामना बाकावर बसून, पण संघाच्या कपड्यांत, संघासोबत. तिसऱ्यांदा पालकांना बोलावणं. मैदान पूर्ण बंद ही पायरीच ठेवू नका.

हे मोडतं ते बहुतेक दोन जागी. एक, विभागीय सामन्याच्या आदल्या दिवशी कप्तानाची चिठ्ठी खराब येते आणि सर ती खिशात घालतात. त्या दिवशी करार संपला असं समजा, पोरं सगळं बघत असतात. दुसरं, ऊसतोडणी. बीड, धारूर, वडवणी, केज भागातली लेकरं दिवाळीच्या आगेमागे आई-बापाबरोबर कारखान्यावर जातात आणि मार्चनंतर परततात. हजेरीची अट त्यांच्यावर लावली तर चांगला खेळाडू पहिल्याच महिन्यात बाद. हंगामी वसतिगृहात राहिला तर अट लागू, गावाबाहेर गेला तर परत आल्यापासून नव्यानं मोजायची, असं करारातच लिहून ठेवा.

प्रश्न : करारातला '२.३' हा आकडा काय? आमच्या मुलांना वाटलं २३ टक्के, आणि सगळे हसले. (शिक्षिका, परभणी)

अमेरिकी शाळेत प्रत्येक विषयाला श्रेणी देतात आणि तिचे अंक धरतात. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २, डी म्हणजे १ आणि नापास म्हणजे शून्य. सगळ्या विषयांची सरासरी म्हणजे तो आकडा. साधारणपणे सी म्हणजे सत्तरीतले गुण आणि बी म्हणजे ऐंशीतले. पण त्यांची तपासणी निराळी, म्हणून आपल्या टक्क्यांशी जोड लावू नका. फळ्यावर हे करून दाखवा. पाच विषयांत दोन बी आणि तीन सी आले तर १२ भागिले ५, म्हणजे २.४. पोरगा खेळणार. एक बी आणि चार सी आले तर ११ भागिले ५, म्हणजे २.२. पोरगा बाहेर. एका विषयातल्या एका श्रेणीनं संघातली जागा जाते, हे लेकरांना लगेच कळतं.

चित्रपटात खेळण्यासाठी राज्याची अट २.०ची असते, कार्टर ती वर नेतो. कारण तेव्हा तिथल्या कॉलेजच्या क्रीडा शिष्यवृत्तीत शाळेची सरासरी आणि प्रवेश परीक्षेचे गुण एकत्र बघत. सरासरी कमी असेल तर परीक्षेत तेवढे जास्त आणावे लागत. काठावर पास झालेल्या पोराला खेळ येतो, पण कॉलेजचं दार त्याला जड जातं.

प्रश्न : इंटरनेटवरून पडद्याखालच्या संवादांच्या मराठी ओळी उतरवून घेतल्या. प्रशिक्षक पोराला सांगतो, 'तुला एक हजार आत्महत्या कराव्या लागतील.' सभागृहात कुणी हसलं, कुणी गप्प झालं. असं का आलं? (उदगीर)

यंत्रानं केलेलं भाषांतर आहे ते. मैदानावरच्या एका पळण्याच्या सरावाला अमेरिकेत ते भयानक नाव आहे, आणि यंत्रानं शब्दाला शब्द ठेवला. आता तिथलेही कित्येक प्रशिक्षक ते नाव टाळून 'रेषांची फेरी' अशा अर्थाचं साधं नाव वापरतात. आपल्या भागात तर तो शब्द पडद्यावर मुळीच नको. त्या सभागृहात कुणाच्या घरी काय घडून गेलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. 'रेषाफेरी' लिहा. 'एक हजार रेषाफेऱ्या' सगळ्यांना समजतं.

ओळी दुरुस्त करणं अवघड नाही. त्या फाइलला एसआरटी म्हणतात. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते, शब्द बदला आणि साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. ते राहिलं की पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. अक्षरं आली पण जोडाक्षरं तुटली, 'प्रशिक्षक'चं 'प्‌रशिक्‌षक' झालं, तर फाइल ठीक आहे, फॉन्ट बदला. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये ओळींसाठी देवनागरी फॉन्ट निवडून प्लेअर बंद करून परत उघडावा लागतो. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं. त्याहून जास्त असेल तर पाचवी-सहावीच्या पोरांचं वाचून होत नाही.

हात घातलाच आहे तर आणखी तीन जागा बघून घ्या. कार्टर आपल्या डावांना बायकांची नावं देतो, त्यातलं एक डायॅन. यंत्र त्याचं 'डायन' करतं आणि पोरांना वाटतं सर चेटकिणीबद्दल बोलताहेत. ते बहिणीचं नाव आहे. ती सारखी मागे लागायची, म्हणून अंगाला चिकटून करायच्या बचावाला तिचं नाव. दुसरी जागा, कार्टर पोरांना 'सर' म्हणतो. आपल्याकडे सर म्हणजे मास्तर, म्हणून ते तसंच ठेवलं तर अर्थ उलटा लागतो. तिथं पोराला 'अहो-जाहो' करा. संघातल्या क्रूझला 'बसा, मिस्टर क्रूझ' असं. ज्या गावात मास्तर पोराला 'अरे गाढवा'शिवाय हाक मारत नाहीत, तिथं ते अहो-जाहो कानाला खटकलं पाहिजे. चित्रपटात पोरांनाही ते खटकतंच. तिसरी जागा, काळ्या लोकांना उद्देशून वापरायची ती शिवी. पोरं ती आपापसात सहज वापरतात आणि कार्टर ती बंद पाडतो. तिच्या जागी आपल्याकडची कुठलीही जातिवाचक शिवी घालू नका. नुसतं 'ती शिवी' लिहा.

प्रश्न : हजार फेऱ्या आणि अडीच हजार जोर, हे माणसाला शक्य आहे का? आमच्या एका पालकांचं म्हणणं, 'अशी शिक्षा असली की पोरं सरळ होतात.' (नांदेड)

हिशेब करू. रेषाफेरी अशी : टोकाच्या रेषेवरून निघायचं, जवळच्या फ्री थ्रो रेषेला हात लावून परत, मधल्या रेषेला लावून परत, पलीकडच्या फ्री थ्रो रेषेला लावून परत, शेवटी पलीकडच्या टोकाला लावून परत. आपल्या २८ मीटरच्या मैदानावर ही अंतरं ५.८, १४, २२.२ आणि २८ मीटर. बेरीज ७०. जाऊन-येऊन १४० मीटर. हजार फेऱ्या म्हणजे १४० किलोमीटर, लातूरहून नांदेडला पळत जावं जवळपास तेवढं. अमेरिकी शाळांचं मैदान जरा आखूड, ८४ फुटांचं. तिथं एक फेरी १२८ मीटरची, तरीही १२८ किलोमीटर झालेच. एका फेरीला ३५ सेकंद धरले तर नुसतं पळणं पावणेदहा तासांचं, आणि प्रत्येक फेरीत सात वेळा गिरकी. वरून २,५०० जोर. तेही आठवडा संपायच्या आत.

म्हणून संघ सोडून गेलेल्या आणि परत येण्यासाठी ही शिक्षा पत्करलेल्या क्रूझचंही ते पुरं होत नाही. उरलेला हिस्सा सोबतची पोरं आपल्या अंगावर घेतात. तो प्रसंग शिक्षेसाठी नाही, त्या वाटून घेण्यासाठी लिहिलेला आहे. पालकांनी आकडा लक्षात ठेवला आणि वाटून घेणं विसरले.

खऱ्या मैदानावर हा आकडा धोक्याचा आहे. सवय नसलेल्या पोराकडून एका दिवसात शेकड्यानं जोर काढून घेतले तर स्नायू फुटतात, त्यांतलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करतं. खूण अशी की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड सुजतात, सरळ होत नाहीत आणि लघवी गडद चहासारखी होते. असं दिसलं की घरगुती उपाय नको, त्याच तासाला दवाखाना. शिवाय २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे.

सराव म्हणून रेषाफेरी उत्तम. सतरा वर्षांखालच्या संघाला ४ ते ६ फेऱ्या पुरतात. फेरी तीस-पस्तीस सेकंदांत व्हावी आणि मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. विश्रांती कापली की पळण्याची गती जाते आणि नुसतं घासणं उरतं. रेषेला हात लावताना कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं, आणि दर खेपेला तोच पाय टेकवून वळायचं नाही. मुरमाच्या मैदानावर वळायच्या जागी खडे साचतात, घोटे तिथंच मुरगळतात. फेऱ्या घेण्याआधी सगळ्या रेषांवर झाडू मारून घ्या. एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठनंतर हा सराव नकोच.

प्रश्न : क्रूझ उभं राहून 'आपली सगळ्यात खोल भीती' असं काहीतरी बोलतो. ते नेल्सन मंडेलांचं आहे ना? शाळेच्या फळ्यावर मंडेलांच्या नावानं लिहिलंय. (जालना)

नाही. अमेरिकी लेखिका मॅरिॲन विल्यमसन यांच्या १९९२च्या पुस्तकातला उतारा आहे तो. मंडेलांचं नाव त्याला मागाहून चिकटलं. फळ्यावरचं नाव बदला.

प्रश्न : शेवटी संघ हरतो. अडीच तास बसवून हरवतात म्हणजे काय? (महाविद्यालयीन खेळाडू, हिंगोली)

अडीच नव्हे, १३६ मिनिटं. पण मधला भाग लांबलाय हे आम्हालाही मान्य. पार्टीचा प्रसंग निम्म्यावर आला असता.

हरण्याबद्दल मात्र आमचं मत वेगळं आहे. शेवटच्या क्षणाच्या बास्केटनं संघ हरतो आणि त्यानंतर कोण कुठल्या कॉलेजात गेलं ते पडद्यावर लिहून येतं. आधी संघ जिंकला असता तर त्या ओळी कुणी वाचल्याच नसत्या.

खऱ्या घटनेत फरक आहेत. कुलूप खरोखर लागलं, जानेवारी १९९९मध्ये. तेव्हा संघ १३ सामने जिंकून अपराजित होता. चित्रपटात तो आकडा वाढवलाय. आणि राज्य पातळीवरचा तो रंगलेला शेवटचा सामना चित्रपटाचा. खरा संघ त्याआधीच्या फेऱ्यांतच बाद झाला होता.

जाता जाता, तुम्ही लिहिलंय की गुणसंख्या कमी वाटते. अमेरिकी शालेय सामना ८ मिनिटांच्या चार डावांचा, म्हणजे ३२ मिनिटांचा असतो. आपल्याकडे १० मिनिटांचे चार. ३२ मिनिटांत साठ-सत्तर गुण म्हणजे वेगवान खेळ झाला.

प्रश्न : गाव उलटतं, सभा भरते, मतदान होऊन कुलूप काढायचं ठरतं. प्रशिक्षकाचा निर्णय असा कुणालाही फिरवता येतो का? (औसा)

तिथं येतो. अमेरिकेत सरकारी शाळांवर स्थानिक लोकांनी निवडलेलं मंडळ असतं. ते आपल्या शाळा व्यवस्थापन समितीसारखं देखरेखीपुरतं नाही आणि संस्थाचालकांसारखं खासगीही नाही. सभा उघडी असते, कुणीही पालक उठून बोलू शकतो, मत तिथंच पडतं. कुलूप निघाल्यावर कार्टर काम सोडायचं ठरवून सामान आवरायला येतो, तर जिममध्ये बाकं मांडून पोरं अभ्यासाला बसलेली. कुलूप नियमानं निघालं, तरी पोरांनी ते स्वतःहून पाळलं. चित्रपटाचा खरा शेवट आम्ही तोच मानतो.

प्रश्न : आठवीच्या मुलामुलींना दाखवावा का? कायराचं प्रकरण आहे, गोळीबार आहे. आणि खरं सांगायचं तर त्या मुलीला चित्रपटात जागाच नाही. (मुख्याध्यापिका, अंबाजोगाई)

शेवटच्या वाक्याशी सहमत. कायरा शाळेत असतानाच गरोदर राहते, गर्भपाताचा निर्णय ती एकटीनं घेते, आणि चित्रपट तो तिच्या मित्राला एका प्रसंगात सांगून टाकतो. ज्या पोरांच्या करारावर दोन तास खर्च केले, त्यांच्याच शाळेतल्या मुलीला मात्र थोडकाच वेळ. आम्हाला तो चित्रपटातला सगळ्यात घाईचा भाग वाटतो.

अमेरिकेत याला पीजी-१३ दर्जा आहे, म्हणजे तेरा वर्षांखालच्यांना दाखवताना पालकांनी विचार करावा. आमचा सल्ला, नववीच्या पुढे. आठवीला दाखवायचाच असेल तर पार्टी आणि कायराचे प्रसंग कुठल्या मिनिटाला येतात ते आधी टिपून ठेवा. ऐनवेळी रिमोट शोधत पुढे पळवलं की पोरांचं लक्ष नेमकं तिथंच जातं. क्रूझच्या नात्यातल्या भावाला गोळी लागते तो प्रसंग मात्र वगळू नका. त्यानंतर क्रूझ रात्री कुणाच्या दारात जाऊन उभा राहतो, त्यावर पुढचं सगळं टेकलंय.

दाखवायची सोय : ८ फूट रुंद पडद्याला ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर अंधारात पुरतो, पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी पुरत नाही. पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन थेट पडद्यावर पडतं. संध्याकाळी साडेसातनंतर लावा. पोरं सतरंजीवर बसणार, म्हणून पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर हवी, नाहीतर मागच्या निम्म्यांना खालच्या ओळी पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात. स्पीकर पडद्याजवळ आणि आवाज मध्यम. पत्र्याखाली आवाज वाढवला की बोलणं घुमतं, शब्द कळत नाहीत. वीज जाते म्हणून लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता लॅपटॉप चालू राहून काही दिसत नाही. प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक आणि पालकच असतील तर शाळेच्या कार्यक्रमाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये मोकळीक आहे. गावजेवणासारखा सगळ्यांना खुला केला किंवा तिकीट लावलं की ती उरत नाही.

प्रश्न : 'शहराच्या आतली वस्ती' (इंग्रजीत 'इनर सिटी') म्हणजे गरीब, असं का? आमच्याकडे तर शहराच्या मधोमध सराफा आणि जुने वाडे. (छत्रपती संभाजीनगर)

तुमच्या गुलमंडीच्या, म्हणजे शहरामधल्या जुन्या बाजाराच्या हिशेबानं अमेरिका कळायची नाही. रिचमंडचंच घ्या. दुसऱ्या महायुद्धात तिथं कायझर कंपनीच्या गोद्या होत्या, त्यांतून ७४७ जहाजं बाहेर पडली. दक्षिणेकडून काळे कामगार हजारोंनी आले. युद्ध संपलं, गोद्या बंद पडल्या, माणसं तिथंच राहिली. तेलशुद्धीकरण कारखाना मात्र होता, शाळेच्या संघाचं 'ऑइलर्स' हे नाव त्याच तेलाचं. देशभर पैसेवाले गोरे शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत गेले. काळ्यांना तिथं घरं आणि कर्ज नाकारलं जायचं. घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला तो १९६८ला. तिथं शाळांचा पैसा बराचसा स्थानिक घरपट्टीतून यायचा. घरं स्वस्त तिथं शाळा गरीब, असं ते चक्र.

आणि बास्केटबॉलच का, तर त्याला गवत लागत नाही. दोन इमारतींमधला डांबराचा तुकडा, एक कडं, एक चेंडू आणि दहा पोरं. आपल्याकडे कबड्डी याच हिशेबानं टिकली.

प्रश्न : याच विषयावर याहून खरा चित्रपट कुठला? (वाचक, धाराशिव)

'हूप ड्रीम्स', १९९४चा. हा माहितीपट आहे, नट नाहीत. शिकागोतली विल्यम गेट्स आणि आर्थर एजी ही दोन पोरं. दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स आणि साथीदार पाच वर्षं त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन फिरले, अडीचशे तासांचं चित्रण केलं आणि त्याचे पावणेतीन-तीन तास ठेवले. दोघांना खेळाच्या जोरावर दूरच्या खासगी शाळेत प्रवेश मिळतो. खेळ अपेक्षेएवढा चमकत नाही म्हटल्यावर आर्थरची अर्धी फी आडवी येते आणि वर्षाच्या मध्यात तो बाहेर पडतो. एके दिवशी घरातली वीज तोडलेली असते आणि कॅमेरा तरीही चालू राहतो. कार्टरच्या चित्रपटात भाषणं आहेत, यात बिलं आहेत. मोठ्या पोरांना दोन्ही दाखवा, आधी कार्टर, मग हा. उलट केलंत तर कार्टर खोटा वाटेल.

प्रश्न : चित्रपट पाहिल्यापासून पोरं कडं लावा म्हणून मागे लागलीत. गावातल्या वेल्डरकडून होईल का? मागे एक खांब लावला होता, तो पहिल्याच पावसाळ्यात कलला. (जिल्हा परिषद शाळा, सेलू तालुका)

होईल. कलला तो काळ्या मातीमुळे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला दोन्ही वेळा हलवते. दीड-दोन फूट खड्डा खणून सिमेंट ओतलं की खांब मातीबरोबर नाचतो. मुरूम लागेपर्यंत खणा. लवकर लागत नसेल तर किमान ४ फूट खोल आणि ३ फूट रुंद खड्डा घ्या, काळी माती पूर्ण बाहेर काढा, तळाला मुरमाचा थर ओला करून धुम्मसानं ठोका आणि मग काँक्रीट. वरचं तोंड जमिनीपेक्षा चार बोटं उंच आणि बाहेर उताराचं ठेवा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी थांबणार नाही. काढलेली काळी माती परत कडेनं भरू नका, मागच्या वेळी बहुतेक तेच झालं असणार. काँक्रीटला सात दिवस पाणी मारा, आणि पंधरा दिवस कुणाला कड्याला लोंबकळू देऊ नका. पोरं पहिल्याच संध्याकाळी लोंबकळतात.

खांब ४ इंची लोखंडी नळीचा. फळा टोकाच्या रेषेच्या आत १.२ मीटर येईल असा आडवा हात काढा आणि त्याला खालून तिरका टेका द्या. पूर्ण मापाचा फळा १.८० बाय १.०५ मीटरचा, खालची कड जमिनीपासून २.९० मीटरवर. पैसे कमी असतील तर सरावाला ४ फूट बाय ३ फुटांचा जलरोधक प्लायवूडही चालतो, मात्र १८ मिलिमीटर जाडीचा. त्याहून पातळ फळ्यावरून चेंडू मेल्यासारखा पडतो. कडं १६ ते २० मिलिमीटरच्या गोल सळईचं. व्यास आतून ४५ सेंटिमीटर, हे वेल्डरला दोनदा सांगा. तो बाहेरून मोजतो आणि कडं लहान होतं. कड्याची आतली कड फळ्यापासून १५ सेंटिमीटर दूर. उंची ३.०५ मीटर, बारा वर्षांखालच्या लेकरांना २.६० मीटर. तुमच्याकडे दोन्ही वयाची पोरं असतील तर फळ्याच्या चौकटीला बोल्टची भोकं दोन उंचीवर पाडून घ्या. चेंडू लहानांना ५ नंबर, मुलींना ६, मोठ्या मुलांना ७. रबरी घ्या, मुरमावर चामड्याचा महिनाभरही टिकत नाही. हवा बघायची तर सहा फुटांवरून सोडा. मोठ्या पोराच्या कमरेच्या वर आणि छातीच्या खाली उसळला पाहिजे.

डावांना नावं हवीत असंही तुम्ही लिहिलंय. ती दोन अक्षरांची, फार तर तीन अक्षरांची घ्या, गर्दीतून ओरडली तरी ऐकू जातील अशी, आणि एकमेकींपासून वेगळ्या उच्चाराची. पूर्णा, गोदा, मांजरा चालतील. दुधना आणि सिंदफणा एकाच वेळी घेऊ नका. दोन्हींचा शेवट 'ना-णा'नं होतो आणि गोंगाटात तेवढाच कानावर येतो.